अझोल्याचं विरजण

१ ऑगस्ट १९९६, गुरुवार

काल शेवाळाच्या लॅबमधून रिटायर झाले. हार, सामोसे, भाषणं आणि भिंतीवरचं घड्याळ. माझ्याआधीच्या तिघांनाही हेच घड्याळ मिळालं होतं. स्टोअरमध्ये अजून दोन खोकी शिल्लक आहेत, यादी मीच केली होती. साहेब भाषणात म्हणाले, इंदुमतीजींनी अठ्ठावीस वर्षांत एकही कल्चर मरू दिलं नाही. हे खोटं आहे. चौऱ्याहत्तर साली फ्रिज बंद पडून शेवाळाच्या अकरा बाटल्या गेल्या होत्या. पण प्रत्येकीची डुप्लिकेट मी शेजारच्या लॅबमध्ये ठेवलेली होती, म्हणून कुणाला पत्ता लागला नाही.

आज सवयीने सकाळी साडेसहाला डबा भरला. दोन पोळ्या आणि भेंडी. मग तोच डबा गच्चीवर नेऊन खाल्ला. रडले वगैरे नाही.

ही डायरी एका खतकंपनीची, दर वर्षी लॅबमध्ये येते. इतकी वर्षं तिच्यात पाण्याचं तापमान लिहीत आले. आता स्वतःबद्दल लिहून बघू.

पंधरा वर्षं वाट बघून मिळालेल्या नोएडाच्या या फ्लॅटचं एकच सुख आहे. वरचा मजला, त्यामुळे गच्ची माझी. गेल्या वर्षीपर्यंत इथून सरसोंची शेतं दिसायची, आता बिल्डरच्या पाट्या दिसतात. गच्चीवर हिरव्या जाळीखाली सात टब मांडलेत आणि सातही टबांत अझोला आहे. अझोला म्हणजे पाण्यावर तरंगणारी नेच्याची इवलीशी जात. लोकांना ते शेवाळ वाटतं. खरं शेवाळ त्याच्या पोटात असतं. प्रत्येक पानात एक पोकळी, आणि त्या पोकळीत अनाबिना नावाचं निळं-हिरवं शेवाळ. नव्या पुस्तकांत त्याला शेवाळ म्हणत नाहीत, सायनोबॅक्टेरिया म्हणतात. म्हणोत बापडे. ही अनाबिना हवेतला नायट्रोजन पकडते आणि अझोल्याला पुरवते. भाताच्या शेतात अझोला सोडला की युरिया कमी लागतो, इतका साधा हिशेब आहे.

जानेवारीत मराठी मंडळाच्या बसने पानिपतला काला अंबला, लढाईच्या स्मारकावर, गेले होते. परतताना टपरीवर धरमपाल चौधरी भेटले, भात लावणारे शेतकरी. त्यांना मी अझोल्याबद्दल इतकं सांगितलं की मंडळाची बस माझ्यासाठी खोळंबली. चौधरी म्हणाले, “बहनजी, पहले रिटायर हो जाओ. अगले साल जून में दो एकड़ का माल ले आना. चल गया तो पूरा गाँव लेगा.”

तर मला एवढंच करायचंय. पुढच्या जूनपर्यंत हे सात टब जगवायचे. जमलं तर या वयात माझं स्वतःचं काहीतरी उभं राहील. नाहीतर घड्याळ आहेच.

४ ऑगस्ट, रविवार

सुखदा राहायला आली. अंबाजोगाईची, तेवीस वर्षांची. युपीएससीची पूर्वपरीक्षा पास झालीय, नोव्हेंबरात मेन्स आहे. कोपर्निकस मार्गावरच्या सदनात चार दिवस काढले, पण तिथे कायमचं कोण राहू देणार. मंडळाच्या लोकांनी गळ घातली म्हणून मी मागची खोली दिली. वडील मारुतराव शाळेत मास्तर आहेत, त्यांचं अडीच पानी पत्र आलंय. त्यात ‘आपल्या छत्रछायेखाली’ तीनदा आहे.

मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. तुला आसरा हवा होता म्हणून तू आलीस, मला सोबतीची गरज होती अशी समजूत करून घेऊ नकोस. ती म्हणाली, “बिल्कुल नाही मावशी.” आणि लगेच गच्चीवर गेली.

तिचा एक विषय वनस्पतिशास्त्र आहे. अझोला पुस्तकात वाचलाय, डोळ्यांनी पाहिलेला नाही. बोट बुडवून बघितलं, ओळीने सातही टबांत. मग विचारलं, “हे मेलं तर?”

मी तिला लॅबचा नियम सांगितला. कुठलंही कल्चर एका जागी ठेवायचं नाही. एक डुप्लिकेट नेहमी दुसऱ्याच्या घरी. फ्रिज बंद पडतो, माणूस विसरतो, नळाला क्लोरिन जास्त येतं. किती रिसर्च स्कॉलर आले नि गेले, प्रत्येकाला मी हे पहिल्या दिवशी ऐकवलंय.

“मग तुमची डुप्लिकेट कुणाच्या घरी आहे?”

“कुणाच्या असणार? सात टब आहेत ना.”

“पण सातही एकाच गच्चीवर.”

मुलगी हुशार आहे. बोलते मात्र फार.

१३ ऑगस्ट, मंगळवार

खालच्या मजल्यावरच्या भाटियाबाई आज तिसऱ्यांदा जामन मागायला आल्या. जामन म्हणजे आपलं विरजण. दर आठवड्याला यांचं विरजण संपतं कसं हे मला पडलेलं कोडं आहे. दही लावताना चमचाभर बाजूला काढून ठेवायचं, यात अवघड काय? माझं विरजण अडुसष्ट सालापासून चालू आहे. करोलबागेच्या खोलीत होतं तेच इथे आलं. एकदाही कुणाच्या दारात वाटी घेऊन उभी राहिले नाही.

बाई आल्या की वाटी हातात घेऊन अर्धा तास दारातच बोलतात. मुलगा अमेरिकेत कॉम्प्युटरमध्ये आहे, फोन रविवारी येतो, भाटियाजींना गुडघ्याचा त्रास आहे. मी अच्छा, अच्छा म्हणत राहते. आज मला बाहेर जायचंय असं खोटंच सांगितलं, मग सुखदाने त्यांना आत बसवलं आणि चहा केला. मला उगीच पर्स घेऊन मार्केटपर्यंत जाऊन यावं लागलं.

२५ ऑगस्ट, रविवार

लॅबने भंगारात काढलेला मायक्रोस्कोप मी लिलावात घेतला होता, तो आज डायनिंग टेबलावर मांडला. अझोल्याचं एक पान काचेवर ठेवून दाबलं आणि सुखदाला बघायला लावलं.

तिने भिंगाचा स्क्रू हळूहळू फिरवला. मग म्हणाली, “माळा आहेत मावशी. हिरव्या मण्यांच्या.”

त्या माळा म्हणजे अनाबिना. मी म्हटलं, नीट बघ, मधूनमधून एक मणी मोठा दिसेल, फिकट, जाड भिंतीचा. तो हेटेरोसिस्ट. नायट्रोजन पकडण्याचं काम त्याचं एकट्याचं. ऑक्सिजन लागला की ते काम बिघडतं, म्हणून तो स्वतःभोवती भिंत जाड करतो. उन्हातून साखर करणंही पूर्ण करत नाही, ती शेजारचे मणी पुरवतात. तो त्यांना नायट्रोजन देतो, ते त्याला खाऊ घालतात. आणि एकदा हेटेरोसिस्ट झाला की त्याचं विभाजन होत नाही. त्याला पुढे पिल्लं नाहीत. बाहेरच्या मोकळ्या पाण्यात दहा-पंधरा मण्यांमागे एखादा असतो, अझोल्याच्या पोटात मात्र तीन-चारांमागे एक.

सुखदाने डोळा भिंगावरून काढला. “एकटं वाटत असेल का हो त्याला?”

मी म्हटलं, परीक्षेत असलं काही विचारत नाहीत. आकृती काढ, नावं दे.

मग तिने चांगला प्रश्न विचारला. अनाबिना पानातून काढून वेगळी वाढवता येईल का? आमच्या साहेबांनी त्यावर तीन वर्षं घालवली. ही जात बाहेर टिकत नाही. पिढ्यानपिढ्या आईच्या पोटातून मुलीच्या पोटात जात आलीय, एकटं जगायचं ती विसरून गेली. अझोल्याला तिच्याशिवाय वाढवता येतं, पण मग त्याला बाहेरून खत घालत बसावं लागतं, आणि तो कायम मरगळलेला दिसतो.

“म्हणजे कोण कुणाच्या आधाराने राहतंय हे सांगताच येत नाही,” सुखदा म्हणाली.

सांगता येतं. घर अझोल्याचं आहे. पण तिला उद्या लवकर उठायचं होतं, म्हणून वाद घातला नाही.

५ सप्टेंबर, गुरुवार

सुखदा आज पुन्हा झाकलेली वाटी घेऊन खाली भाटियाबाईंकडे गेली. या आठवड्यात दुसऱ्यांदा. फ्रिजमधलं दही तर तेवढंच दिसतंय. विचारलं तर म्हणाली, “थोडंसंच दिलं मावशी, वाढेल त्यांच्याकडे.” विरजण द्यायला हिला फार आवडतं. माझ्या घरातून वाट्या जाताहेत आणि परत येताना त्यांत कधी राजमा येतो, कधी गाजराचं लोणचं. राजमा बरा होता.

१७ सप्टेंबर, मंगळवार

सुखदाच्या खिडकीत ताटलीत चिखल ठेवलेला सापडला. फार नाही, पण चिखल तो चिखलच. विचारलं तर म्हणे प्रयोग आहे. पाण्याशिवाय, नुसत्या ओल्या मातीवर अझोला जगतो का, ते बघत होती. जगतो, हे मी तिला तोंडी सांगू शकले असते. ताटली घासायला टाकली. ती फक्त हसली.

जेवताना म्हणाली, “मावशी, तिसरी पोळी नको. अझोल्याला युरिया घातला तर अनाबिना काम करेनाशी होते, असं तुम्हीच सांगितलंत ना?” मी तिसरी पोळी वाढली.

२९ सप्टेंबर, रविवार

दिल्लीत डेंग्यूची साथ आहे. पेपरात रोज तेच. आज सोसायटीची मीटिंग झाली आणि मीटिंगचा विषय मी होते.

भाटियाजी सेक्रेटरी आहेत. बँकेतून रिटायर झालेले, बोलण्याआधी चष्मा पुसतात. म्हणाले, “मैडम, सब कूलर खाली हो गए, टंकियां ढक दीं. अब आपके सात तालाब बचे हैं.” कुणीतरी मागून म्हणालं, तिथे डिश अँटेना बसू शकते, केबलवाला कधीचा जागा मागतोय. तेव्हा मला कळलं खरं दुखणं कुठे आहे. पस्तीस चॅनेलं बघायचीत सगळ्यांना.

मी दोन बादल्या घेऊन गेले होते. एक नुसत्या पाण्याची, एक अझोल्याची. दोन्ही आठवडाभर गच्चीवर ठेवल्या होत्या. साध्या बादलीत अळ्या वळवळत होत्या, अझोल्याच्या बादलीत एक नाही. सगळ्यांना जवळ बोलावून दाखवलं. अझोल्याची गादी अंथरली की डासाला अंडी घालायला पाणीच सापडत नाही. भाटियाजींनी चष्मा पुन्हा पुसून बघितलं. मग म्हणाले, “जब तक ढका है, तब तक ठीक.”

जिंकले. येताना जिन्यात सुखदाने माझ्या हातातली बादली घेतली आणि म्हणाली, “मावशी, तुम्ही प्रोफेसर व्हायला पाहिजे होतात.” मला फार बरं वाटलं. लिहायला लाज कसली.

६ ऑक्टोबर, रविवार

मागच्या गावातला गवळी शेण देतो, त्याच्या बदल्यात थोडा अझोला नेतो. आज सांगत होता म्हैस दूध जास्त देतेय, डॉक्टरनीजी, और दो. डॉक्टरनीजी म्हटल्यावर मी काय करणार. दोन टबांतला निम्म्याहून जास्त काढून दिला. ऑक्टोबरचं ऊन चांगलं आहे, तीन-चार दिवसांत दुप्पट होईल.

९ ऑक्टोबर, बुधवार

दुप्पट झाला नाही. रात्री गार पडायला लागलंय, हे मी धरलंच नव्हतं. त्या दोन टबांत मधोमध उघडं पाणी दिसतंय. आणि त्या पाण्यात अळ्या आहेत.

मी चहाच्या गाळण्याने गाळून काढल्या. अळ्यांचा टब कुठला हे बघणारी मी एकटीच. इतर टबांतून अझोला आणून तिथे पसरला. कुणाला सांगितलं नाही. मीटिंगमध्ये बादली दाखवली ती मी, आणि हावरटपणा केला तोही मी. गवळ्याने डॉक्टरनीजी म्हटलं नसतं तर कदाचित कमी दिला असता. डायरीत खोटं लिहायचं नाही असं ठरवलंय म्हणून लिहिलं.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

सुखदाला ताप आलाय. एकशे दोन. डोळ्यांमागे दुखतंय म्हणते, अंग ठणकतंय. महिनाभर ती दुपारी गच्चीवर जाळीखाली बसून पाठांतर करत होती. डेंग्यूचा डास दिवसा चावतो.

हिंदूराव हॉस्पिटलच्या लॅबमध्ये माझी जुनी मैत्रीण गिरिजा आहे, तिला फोन केला. म्हणाली, फक्त क्रोसिन दे, ॲस्पिरिन नको, पाणी भरपूर पाज, प्लेटलेट्स बघ. इथल्या डॉक्टरांनी रक्त घेतलंय. मेन्सला साडेतीन आठवडे उरलेत.

अंबाजोगाईला एसटीडी करायला पीसीओत गेले आणि नंबर न फिरवता परत आले. काय सांगणार मारुतरावांना? आपल्या छत्रछायेखाली, म्हणून?

१२ ऑक्टोबर, शनिवार

पहाटे तिच्या कपाळावर पट्ट्या ठेवत होते. ती तापात माझा हात धरून आई म्हणाली. सहा वाजता मी गच्चीवर गेले आणि सातही टब उलटे केले.

एकेक करून, कडेला धरून. पाणी गच्चीभर झालं. अझोला झाडूने गोळा करून उन्हात पसरला, कारण अळी एखादी राहिली असली तर मेली पाहिजे. अकरा वाजेपर्यंत सगळं सुकून तपकिरी झालं. जाळी काढून घडी करून ठेवली. मग खाली येऊन भाटियाजींना सांगितलं की गच्ची रिकामी आहे, डिश बसवा. त्यांनी चष्मा काढला पण पुसला नाही. म्हणाले, “मैडम, किसी ने कहा तो नहीं था.” मी म्हटलं, मीच म्हटलं.

सुखदाला सांगायचं नाही. परीक्षा तोंडावर आहे.

१३ ऑक्टोबर, रविवार

ताप तसाच. आज काही लिहायला नाही.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

सकाळी ताप उतरला तो चढलाच नाही. रिपोर्टचे आकडे फोनवर गिरिजाला वाचून दाखवले, कालचे आणि आजचे. ती म्हणाली, “अगं इंदू, प्लेटलेट्स ठणठणीत आहेत. डेंग्यू-बिंग्यू काही नाही, साधा व्हायरल आहे. तू कशाला घाबरवतेस त्या पोरीला?” इथले डॉक्टरही तेच म्हणाले.

मी फोन ठेवला आणि बाथरूममध्ये नळ सोडून रडले. रिटायर झाल्या दिवशी रडले नव्हते, ते सगळं आज निघालं. आधी आनंदाने. मग टबांची आठवण झाली म्हणून. अठ्ठावीस वर्षं सगळ्यांना सांगत आले, डुप्लिकेट दुसऱ्याच्या घरी ठेवा. आणि मी एक चिमूट कुणाकडे ठेवली नाही. कुणाकडे ठेवणार होते? गवळ्याने नेला तो म्हशीच्या पोटात गेला. चौधरींना काय लिहायचं ते सुचत नाही. लॅबमध्ये जाऊन मागता येईल, पण ज्यांनी भाषणात एकही कल्चर मरू दिलं नाही म्हणून सांगितलं, त्यांच्यासमोर हात पसरायचा माझ्याने होणार नाही.

१६ ऑक्टोबर, बुधवार

हे सविस्तर लिहायला हवं.

सुखदाने आज पहिल्यांदा तोंडाने काही मागितलं. दहीभात. फ्रिज उघडला तर विरजणाच्या वाटीवर हिरवी बुरशी. या पाच दिवसांत मी दूध तापवलं, पण दही लावायचं विसरून गेले. अडुसष्ट सालापासूनचं विरजण तुटलं.

डेअरीचं दही आणता आलं असतं. पण एक वाजून गेल्यामुळे दुकान बंद होतं आणि पोर भुकेली होती. वाटी घेतली. एक जिना उतरायचा, पण मी मधल्या पायरीवर दोनदा थांबले. काय म्हणायचं असतं अशा वेळी? त्या कशा सहज म्हणतात, दीदी, थोड़ा जामन मिलेगा. मी बेल वाजवली आणि तेच वाक्य म्हटलं.

भाटियाबाईंनी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या वाटीकडे. हसल्या नाहीत. “अंदर आइए ना,” म्हणाल्या. मी आत गेले. चार वर्षांत पहिल्यांदा. दही आणायला त्या स्वयंपाकघरात गेल्या. बाल्कनीत भाटियाजी पेपर वाचत होते. त्यांच्या खुर्चीशेजारी, मनी प्लांटच्या सावलीत, एक मोठी पितळी परात होती. तिच्यात ओली माती. आणि मातीवर काठोकाठ अझोला.

मी खाली बसले. गुडघे दुखले. बोटाने एक पान उचललं, उलटं केलं, मुळं बघितली. माझाच होता. निरोगी, हिरवागार, मधे एक लालसर ठिपका, तिथे सुपरफॉस्फेट थोडं कमी पडलंय.

“ये क्या है?” मी भाटियाजींना विचारलं.

“मिसेज़ की काई है,” ते पेपरातून वर न बघता म्हणाले, काई म्हणजे शेवाळ. “पानी नहीं है, मैंने चेक किया है. सिर्फ़ गीली मिट्टी.”

बाई वाटी घेऊन आल्या. सांगायला लागल्या, सुखदा पहिल्यांदा सप्टेंबरात घेऊन आली. झाकलेली वाटी. मग साथ सुरू झाल्यावर तिनेच शिकवलं, पाणी ठेवायचं नाही, माती फक्त ओली ठेवायची. “बच्ची ने कहा था, दीदी का नियम है. एक डुप्लिकेट दूसरे के घर रहना चाहिए. दीदी ख़ुद नहीं माँगेंगी, इसलिए मैं दे रही हूँ.” मग म्हणाल्या, “मुझे भी अच्छा लगता है. सुबह उठकर कुछ तो देखने को होता है.”

आणि मी इतके दिवस समजत होते की बाईंना दही लावता येत नाही. खरं तर आज त्यांच्या ओट्यावर दह्याची तीन भांडी बघितली. तीनही घट्ट लागलेली. मग त्या दर आठवड्याला वर कशाला येत होत्या, हे विचारायचं राहून गेलं.

वाटीत विरजण, आणि दुसऱ्या वाटीत ओल्या मातीसकट अझोला, असं दोन्ही घेऊन वर आले. सुखदा उशीला टेकून बसली होती. तिने दोन्ही वाट्या बघितल्या. “टब उलटवलेत ना मावशी,” ती म्हणाली. “आवाज आला होता मला. तापात वाटलं, पाऊस पडतोय.”

मी तिला सांगितलं की तुझ्या आगाऊपणाबद्दल तुझ्यावर रागावणार आहे, आधी दहीभात खा. दही अजून लागायचंय असं ती म्हणाली. मग मी बाईंनी दिलेलं चमचाभर विरजणच भातात कालवलं. दह्यासाठी पुन्हा खाली जावं लागलं. या वेळी मधल्या पायरीवर थांबले नाही.

२० ऑक्टोबर, रविवार

एक टब मांडला. डिश अँटेना गच्चीच्या दुसऱ्या कोपऱ्यात बसली, जागा दोघांनाही पुरली. भाटियाजी रोज सकाळी टॉर्च घेऊन टबाचं पाणी तपासायला येतात. गुडघा दुखतो म्हणून मग बसतात, चहा लागतो. मी म्हटलं, आपण यांना फुकट इन्स्पेक्टर ठेवलंय. सुखदा म्हणाली, त्यांचं उलटं मत असेल. हिच्याशी बोलण्यात अर्थ नाही.

चौधरींना पत्र टाकलं. जूनमध्ये माल मिळेल. एवढंच लिहिलं, बाकी काय कळवायचं.

४ नोव्हेंबर, सोमवार

आज सुखदाचा पहिला पेपर. टब पूर्ण झाकलाय. थंडीने पानं कडेला लाल व्हायला लागलीत, म्हणून संध्याकाळी वरून प्लॅस्टिक घालते. खाली परातीत निम्मा तसाच ठेवलाय. भाटियाबाई म्हणाल्या होत्या सगळं घेऊन जा, दीदी, तुमचंच आहे. मी म्हटलं, राहू दे. तुमच्याकडे असलं म्हणजे मला झोप लागते.

निघताना सुखदाच्या तळहातावर दही ठेवलं. खालच्या विरजणाचं होतं, माझ्यापेक्षा जरा आंबट लागतं. तिने चाटलं, पाया पडली. मी म्हटलं हेटेरोसिस्टची आकृती आली तर भिंत जाड काढ. ती म्हणाली, “आणि शेजारचे मणी पण काढीन मावशी. त्यांच्याशिवाय मार्क कापतात.” जिन्यात भाटियाजी तिला बसस्टॉपवर सोडायला गाडीची किल्ली फिरवत उभे होते.

परीक्षा संपली की ती अंबाजोगाईला जाणार. पास झाली तर पुढे कुठे, ते देव जाणे. तिच्यासाठी औषधाच्या रुंद तोंडाच्या बाटलीत ओली माती भरून वर अझोला लावून ठेवलाय. झाकणाला खिळ्याने भोकं पाडली. मारुतरावांना वेगळी चिठ्ठी लिहिली, रेल्वेच्या खिडकीत उन्हात ठेवायचं नाही, घरी परातीत लावायचं, माती कोरडी पडू द्यायची नाही. शेवटी लिहिलं, ही डुप्लिकेट तुमच्या घरी राहू द्या. इथली गेली तर मागायला मी येईन.